टॅटू स्टुडिओतील संसर्ग-नियंत्रण: हातमोजा घातलेला हात कशाकशाला लागतो?

टॅटू काढून घ्यायला येणारा ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतो: सुई नवी आहे ना? प्रश्न रास्त आहे, आणि ग्राहकासमोर सीलबंद पाकीट फोडून दाखवण्याची रीत आता बहुतेक स्टुडिओंमध्ये रुळली आहे. परंतु नवी सुई बसवल्यानंतर त्याच हातमोज्याने मोबाईल उचलला, दिव्याचा कोन बदलला, कपाटातली शाईची बाटली काढली आणि मग पुन्हा तेच बोट सोललेल्या त्वचेवर टेकवले, तर सुईच्या नवेपणाने साधलेले बरेचसे वाया जाते. एकदाच वापरायची कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिची नळी एकत्र असलेला सुटा भाग, सहज मिळू लागल्यापासून सुईचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. उरला आहे तो हाताचा, पाण्याचा आणि आवराआवरीचा. पुढील मार्गदर्शन एक-दोन खुर्च्यांचा स्टुडिओ चालवणाऱ्या कलाकारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे आणि त्यात भर याच तीन गोष्टींवर आहे.

धोका कोणता आणि कुठून

टॅटूची सुई मिनिटाला शेकडो ते काही हजार वेळा त्वचेत शिरते आणि साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलवर, म्हणजे बाह्यत्वचा ओलांडून आंतरत्वचेत, रंग सोडते. आंतरत्वचेत रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे रक्त आणि रक्तमिश्रित द्राव बाहेर येतो, सुईवर, नळीत व टिश्यूवर उतरतो, आणि पुसताना उडणारे सूक्ष्म थेंब आसपासच्या पृष्ठभागांवर बसतात. या वाटेने पसरू शकणाऱ्या आजारांत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तीन सर्वांत गंभीर. त्यांत चर्चा एचआयव्हीची अधिक होत असली, तरी स्टुडिओच्या दृष्टीने सर्वांत चिवट शत्रू हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. तो शरीराबाहेर, वाळलेल्या पृष्ठभागावर, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो आणि त्यासाठी रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के धरली जाते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

म्हणून स्टुडिओ उघडण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे हिपॅटायटिस बीची लस. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा पूर्ण कराव्यात आणि शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी. ती दर मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून अधिक असली म्हणजे संरक्षण मिळाले असे मानतात. ही लस केवळ कलाकाराने घेऊन भागत नाही. शिकाऊ मुले आणि रोज झाडलोट करून कचरा उचलणाऱ्या मावशी यांचाही सुयांशी संबंध येतोच, आणि त्यांच्या लसीचा खर्च स्टुडिओने उचलणे हे उपकाराचे काम मुळीच समजू नये.

प्रत्येक ग्राहकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करावे. काही ठिकाणी ग्राहकाकडे एचआयव्हीचा अहवाल मागतात. ही पद्धत निरुपयोगी आहे आणि अन्यायकारकही. संसर्ग झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात चाचणी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे अहवाल पाहून ढिलाई केली तर तोच कागद घातक ठरतो. शिवाय एचआयव्हीबाधित व्यक्तींशी भेदभाव करण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने मनाई आहे. ग्राहकाला विचारायचे ते वेगळे: मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, रक्त न गोठण्याचा विकार आहे का, जखमेचे वण उंचवटून वाढतात का, एखाद्या औषधाची किंवा लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, गर्भारपण आहे का. ताप असेल, किंवा टॅटूच्या जागी पुरळ, फोड वा जखम असेल, तर त्या दिवशी काम करू नये. तीळ किंवा चामखीळ यांवरून सुई नेऊ नये.

जागेविषयी थोडक्यात

फरशी किंवा व्हिनाइलची जमीन, धुता येणाऱ्या भिंती, गालिचा नाही आणि कापडी सोफा कामाच्या भागात नाही, एवढे केले तरी पुष्कळ झाले. खुर्चीचे रेक्झिन फाटले असेल तर चिकटपट्टी लावून भागवू नये, कारण फटीत शिरलेला द्राव कोणत्याही जंतुनाशकाने पुरता निघत नाही. रेक्झिन नवे बसवावे. कामाच्या जागेवर छताचा पंखा थेट नसावा. हात धुण्याचे बेसिन आणि उपकरणे धुण्याचे बेसिन वेगळे असावे. हात धुण्याचा नळ कोपराने किंवा पायाने चालणारा असल्यास उत्तम. तो नसेल तर ज्या कागदी रुमालाने हात पुसले त्यानेच नळ बंद करावा. कामाच्या जागी चहा, वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या येऊ देऊ नयेत. दीर्घ बैठकीत ग्राहकाला मध्येच काही खावे लागते, त्यासाठी बाहेरच्या भागात बसवावे.

मांडणी: हात पुन्हा कपाटाकडे जाऊ नये म्हणून

काम सुरू झाल्यावर कोणतीही वस्तू आणायला उठावे लागू नये, हा मांडणीचा हेतू. विसरलेली प्रत्येक वस्तू म्हणजे मळलेल्या हातमोज्याने उघडलेला एक खण. म्हणून ट्रे मांडण्यापूर्वी आरेखनाकडे पाहून किती रंग लागतील, किती कार्ट्रिज लागतील, टिश्यू किती लागतील याचा हिशोब करावा आणि त्यावर थोडे अधिक काढून ठेवावे.

प्रथम साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. अंगठ्या, कडे, घड्याळ आणि मनगटावरचा गंडादोरा यांखाली ओल आणि जंतू साचतात. दागिने काढून ठेवता येतात. दोरा काढायचा नसेल तर तो दंडाकडे सरकवावा किंवा बाहीच्या संरक्षक आवरणाखाली घ्यावा. नखे कापलेली असावीत. मग ट्रे, खुर्चीचा हात, टेबल आणि दिव्याची मूठ जंतुनाशकाने पुसून त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण चढवावे. सहज विसरला जाणारा भाग म्हणजे फिरत्या स्टुलाची खालची कड. स्टूल पुढे ओढताना हात तिथेच जातो, म्हणून तीही झाकावी. यंत्र, त्याची वायर, वीजपुरवठ्याच्या डब्यावरची गोल कळ आणि स्प्रेची बाटली यांना स्वतंत्र पिशव्या वा आवरणे असतात. ती प्रत्येक ग्राहकामागे बदलावीत. स्प्रेची बाटली हीच सर्व उपकरणांत सर्वाधिक वेळा मळलेल्या हाताने उचलली जाते, आणि उघडी सापडते तीही तीच.

कार्ट्रिज घेताना आतल्या बाजूस पडदा असलेली घ्यावी. हा लवचिक पडदा शाई व रक्त मागे यंत्रात जाऊ देत नाही. पडदा नसलेली स्वस्त कार्ट्रिज वापरल्यास यंत्राचा आतला भाग दूषित होतो, आणि बाहेरून कितीही आवरणे चढवली तरी पुढच्या ग्राहकासाठी तो तसाच राहतो. पाकिटावरची अंतिम तारीख, लॉट क्रमांक आणि निर्जंतुकीकरणाचे चिन्ह पाहावे. पाकीट फाटलेले, भिजलेले किंवा आधी उघडलेले वाटले तर ते टाकून द्यावे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकण पट्ट्यात, बंद कपाटातही कागदी पाकिटे दमट होतात. ओल धरलेल्या कागदातून जंतू आत झिरपू शकतात, म्हणून साठा झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच आणि भिंतीला न टेकवता ठेवावा.

व्हॅसलीन किंवा तत्सम मलम मोठ्या डबीतून बोटाने काढू नये. स्वच्छ लाकडी पट्टीने लागेल तेवढे काढून ट्रेवर ठेवावे, आणि ती पट्टी एकदा ट्रेला लागली की पुन्हा डबीत घालू नये. शाई एकदाच वापरायच्या छोट्या कपांत ओतताना बाटलीचे तोंड कपाला टेकू नये. त्वचेवरचे केस काढण्यासाठीचा रेझर एका ग्राहकासाठी एकच, आणि तो वापरून झाल्यावर सुयांच्या डब्यात टाकायचा. स्टेन्सिल, म्हणजे आरेखनाचा ठसा, त्वचेवर उमटवण्यासाठी डिओडरंटची कांडी थेट ग्राहकाच्या अंगावर फिरवायची सवय अजून काही ठिकाणी दिसते. एकच कांडी दहा जणांच्या नुकत्याच रेझर फिरवलेल्या त्वचेवर फिरते, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्टेन्सिलचे द्रावण टिश्यूवर घेऊन लावावे.

काम चालू असताना

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. लॅटेक्सची काही जणांना ॲलर्जी असते, आणि व्हॅसलीनसारख्या खनिज तेलाच्या मलमाने लॅटेक्स कमकुवत होते, हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कारण टॅटूच्या कामात मलम सतत बोटांवर असते. त्वचा साफ करून, रेझर फिरवून, स्टेन्सिल लावून झाल्यावर हातमोज्यांची पहिली जोडी उतरवावी. स्टेन्सिल सुकायला जी दहा-पंधरा मिनिटे लागतात त्यात ट्रे पूर्ण करावा आणि सुई हातात घेण्यापूर्वी हात स्वच्छ करून नवी जोडी चढवावी. हातमोजे धुऊन किंवा त्यांवर सॅनिटायझर मारून पुन्हा वापरू नयेत, कारण त्याने त्यांत सूक्ष्म छिद्रे पडतात. दीर्घ बैठकीत, हातमोजा फाटला नसला तरी, तासा-दीड तासाने जोडी बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण आत साचणाऱ्या घामाने त्वचा भिजून मऊ होते.

यापुढे एक सोपा नियम पुरतो. सुई चालू झाल्यानंतर जे झाकलेले आहे त्यालाच हात लावायचा. न झाकलेल्या वस्तूला हात लागलाच, तर हातमोजे उतरवायचे, हात स्वच्छ करायचे आणि नवे चढवायचे. नियम सोपा असला तरी तो मोडतो कुठे हे पाहण्यासारखे आहे. ग्राहक म्हणतो, दादा, एक फोटो काढा ना. आणि कलाकार ग्राहकाचाच फोन हातात घेतो. त्या फोनच्या काचेवर आता रक्तमिश्रित द्राव आहे आणि कलाकाराच्या बोटांवर त्या फोनवरचे सर्व काही. फोन ग्राहक कानाला लावणार, घरी गेल्यावर मूल त्यावर खेळणार. दुसऱ्या बाजूने तेच बोट पुन्हा उघड्या त्वचेवर येणार. रील काढायची असेल तर ती स्टुडिओतल्या दुसऱ्या व्यक्तीने, हातमोजे न घालता, आपल्या फोनवर काढावी. गाणे बदलण्याचेही तेच. चष्मा नाकावरून घसरणे, कपाळावर घाम येणे, मुखपट्टी वर ओढणे या हालचाली नकळत होतात. म्हणून चष्म्याला दोरी आणि कपाळाला पट्टा बसण्यापूर्वीच लावावा.

पुसण्याची दिशाही लक्षात ठेवावी. टिश्यू काम झालेल्या भागाकडून बाहेरच्या त्वचेकडे न्यावा आणि बाहेरच्या, न साफ केलेल्या त्वचेवरून फिरलेला टिश्यू परत सुईखालच्या भागावर आणू नये. वापरलेला टिश्यू मांडीवर किंवा ट्रेच्या कडेला ठेवू नये. पायाने उघडणारी कचरापेटी डाव्या-उजव्या हाताच्या टप्प्यात असावी. स्प्रे त्वचेवर दुरून मारल्याने तुषार उडतात, म्हणून द्रावण टिश्यूवर घेऊन पुसणे बरे.

शाई आणि पाणी

न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात २०११ च्या अखेरीस टॅटू काढलेल्या १९ जणांच्या त्वचेवर लालसर, न बरे होणारे उंचवटे आले. तपासाअंती ते मायकोबॅक्टेरियम किलोने या क्षयजंतूंच्या कुळातील जिवाणूचे असल्याचे दिसले, आणि त्याचे मूळ आधीच पातळ करून विकल्या जाणाऱ्या राखाडी शाईत सापडले. हे जिवाणू पाण्यात आणि मातीत सर्वत्र असतात. पिण्याने सहसा काही होत नाही, पण सुईने आंतरत्वचेत सोडले की महिनोन्महिने पिच्छा सोडत नाहीत आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

या घटनेचा स्टुडिओच्या रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे, कारण छायेसाठी काळी शाई पातळ करणे हे रोजचे काम आहे. नळाचे पाणी, आरओचे पाणी, उकळून गार केलेले पाणी, सीलबंद बाटलीतले पिण्याचे पाणी आणि डिस्टिल्ड वॉटर यांपैकी कशालाही निर्जंतुक म्हणता येत नाही. डिस्टिल्ड पाण्याबद्दल हा गैरसमज फार आहे. त्यातून क्षार निघालेले असतात, निर्जंतुकपणाची हमी नसते. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीचे निर्जंतुक पाणी छोट्या कुप्यांत माफक किमतीत मिळते. शाई पातळ करायची असेल तर तीच वापरावी, कुपी त्या ग्राहकापुरती उघडावी आणि उरलेले पाणी फेकून द्यावे. रंग बदलताना सुई खळबळून धुण्यासाठीच्या कपातही हेच पाणी असावे. कपात उरलेली शाई बाटलीत परत ओतणे हा या व्यवसायातला अक्षम्य अपराध आहे, रंग कितीही महाग असला तरी.

शाईच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव, घटक, लॉट क्रमांक, अंतिम तारीख आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत छापलेली असावी. युरोपीय महासंघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. त्या नियमांना धरून बनवलेली शाई आपल्याकडेही मिळते आणि निवड करताना तो एक चांगला निकष ठरतो. सुटी, दुसऱ्या बाटलीत भरून दिलेली शाई घेऊ नये. उघडल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहावी.

आवराआवर, आणि तीही हातमोजे घालूनच

शेवटची रेघ संपली की कलाकार सैलावतो, आणि सुई टोचण्याचे पुष्कळ प्रसंग याच पंधरा मिनिटांत घडतात. कार्ट्रिज यंत्रातून काढून थेट सुयांच्या डब्यात टाकावी. ट्रेवर ठेवून नंतर टाकण्याचा विचार करू नये, टोपण परत बसवू नये, सुई वाकवू नये. त्यानंतर कप, आवरणे आणि टिश्यू कामाच्या कापडात आतल्या बाजूस गुंडाळत न्यावेत, म्हणजे मळलेली बाजू आत राहते. हातमोजे उतरवताना एक दुसऱ्यात उलटा करून काढावा आणि हात धुवावेत. पुसण्यासाठी नवी जोडी घालावी.

पुसणे दोन टप्प्यांत होते. आधी साबणाच्या द्रावणाने सेंद्रिय मळ काढायचा, नंतर जंतुनाशक लावायचे. मळावर मारलेले जंतुनाशक मळातच खर्ची पडते. जंतुनाशकाच्या बाटलीवर संपर्काचा कालावधी लिहिलेला असतो. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, मारले आणि लगेच पुसले तर उपयोग नाही. अल्कोहोल वापरायचे तर ७० टक्क्यांचे घ्यावे. ९९ टक्क्यांचे अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण जंतूंतील प्रथिने मोडण्यासाठी पाण्याचा अंश लागतो आणि तीव्र अल्कोहोल त्याआधीच उडून जाते. रक्त सांडले असेल तर त्यावर शोषक कागद टाकून एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग उचलावे. बाजारात मिळणारे द्रावण पाच टक्क्यांचे असेल तर एका भागात चार भाग पाणी मिसळल्यास एक टक्का होते. हे मिश्रण रोज नवे करावे, धातूवर वापरू नये, आणि स्वच्छतागृहाच्या ॲसिडशी कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो.

ऑटोक्लेव्ह हवाच असे नाही

स्टुडिओतील सर्व काही एकदाच वापरायचे असेल, म्हणजे सुया, नळ्या आणि पकडी (यंत्राच्या मुठी)ही, तर ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, गरज पडत नाही, आणि लहान स्टुडिओसाठी हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे. स्टीलच्या पकडी किंवा नळ्या पुन्हा वापरायच्या असतील तर मात्र ऑटोक्लेव्हला पर्याय नाही. सलूनमध्ये दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या पेट्या निर्जंतुकीकरण करत नाहीत. प्रकाश जिथे पोहोचतो तिथलेच काही जंतू मरतात, नळीच्या आत अंधारच असतो. उकळते पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही आणि जिवाणूंचे बीजाणू त्यात तग धरतात. घरचा प्रेशर कुकर तत्त्वाने ऑटोक्लेव्हच्या जवळचा आहे हे खरे, पण त्यात तापमानाची नोंद होत नाही, हवा पुरती बाहेर गेली की नाही कळत नाही आणि पाकिटे भिजलेलीच निघतात.

उपकरणे आधी ब्रशने, पाण्याखाली बुडवून, जाड रबरी हातमोजे घालून घासावीत; वाहत्या धारेखाली घासल्याने तुषार अंगावर येतात. अल्ट्रासॉनिक यंत्र असल्यास नळीच्या आतला मळही सुटतो. सुकवून, निर्जंतुकीकरणाच्या पाकिटात घालून, पाकिटावर तारीख लिहून ती ऑटोक्लेव्हमध्ये एकमेकांना न चिकटतील अशी उभी रचावीत. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाकिटातल्या वस्तूंसाठी १२१ अंश सेल्सियस तापमान आणि १५ पौंड दाब ३० मिनिटे ठेवतात. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यानंतर. मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे पुढे चालू करू नयेत. संपूर्ण चक्र पहिल्यापासून घ्यावे. डिस्टिल्ड पाण्याची खरी जागा याच यंत्राच्या टाकीत आहे.

पाकिटावरची पट्टी रंग बदलते तेव्हा ते पाकीट त्या तापमानातून गेले एवढेच कळते. आतले बीजाणू मेले की नाही ते कळत नाही. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या बीजाणूंची कुपी किंवा पट्टी भरलेल्या यंत्रात ठेवून, नंतर प्रयोगशाळेत वाढ होते का ते पाहतात. महिन्यातून एकदा ही चाचणी करावी. यंत्र रोज चालत असेल तर आठवड्याला. वाढ दिसली तर यंत्र दुरुस्त होऊन चाचणी पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत त्यातल्या कोणत्याही वस्तूला हात लावू नये.

कचरा घंटागाडीत जाता कामा नये

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार सुया व रेझर पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताने माखलेले टिश्यू व कापूस पिवळ्या पिशवीत आणि वापरलेले हातमोजे व प्लॅस्टिक लाल पिशवीत जाते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. पिवळ्या पिशवीतला मळलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवू नये. परिसरातील सामाईक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राकडे नोंदणी करून त्यांच्या गाडीला कचरा द्यावा. कोणते केंद्र आपल्या भागासाठी आहे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात समजते. गुमास्ता परवाना घेतला म्हणजे सर्व बाजू पूर्ण झाल्या असे काही जण धरून चालतात, पण त्याचा या कचऱ्याशी संबंध नाही. काळ्या पिशवीत घालून घंटागाडीत टाकलेली सुई कचरावेचक बाईच्या तळहातात शिरते आणि तिला ती कोणाची होती हे कधीच कळत नाही.

सुई टोचलीच तर

काम थांबवून जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. रक्त पिळून काढू नये, बोट तोंडात घालू नये, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये. डोळ्यांत थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्याने धुवावे. त्यानंतर त्वरित सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्र (एचआयव्हीवरील उपचारांचे केंद्र) किंवा अपघात विभाग गाठावा. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. सकाळी बघू म्हणून रात्र घालवू नये. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आणि लसीची गरज पडू शकते, हे डॉक्टर ठरवतात. हिपॅटायटिस सीवर असा प्रतिबंधक उपाय नाही, म्हणून तपासण्या सांगितलेल्या वेळी पूर्ण कराव्यात. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

ग्राहकाला घरी पाठवताना

ताजा टॅटू ही उघडी जखम आहे, आणि यापुढचे दोन ते चार आठवडे तिची काळजी ग्राहकाच्या हाती आहे. सूचना तोंडी न देता मराठीत छापून द्याव्यात. किती तासांनी आवरण काढायचे, हात धुऊन सौम्य साबणाने कसे धुवायचे, कोणते मलम किती पातळ लावायचे हे त्यात असावे; आणि घरोघरी सांगितले जाणारे हळद, चुना, राख, शिळे खोबरेल तेल यांपैकी काही लावायचे नाही हेही स्पष्ट असावे. खपली नखाने काढू नये. टॅटू पूर्ण भरून येईपर्यंत पोहण्याचा तलाव, नदी, विहीर आणि समुद्र वर्ज्य. गोव्यात सुट्टीला आलेला पर्यटक संध्याकाळी टॅटू काढतो आणि सकाळी समुद्रात उतरतो, तेव्हा त्याला हे आधीच सांगितलेले असले पाहिजे. टॅटूनंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या, यकृताचा जुना आजार असलेल्या तरुणाचा व्हिब्रिओ व्हल्निफिकस या समुद्रजिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. रक्तपेढ्या टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्त स्वीकारत नाहीत, तेही नियमित रक्तदात्यांना सांगावे.

लाली पसरत जाणे, पू, वाढते दुखणे किंवा ताप यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जावे, स्टुडिओकडून मलम मागू नये, आणि स्टुडिओनेही प्रतिजैविक सुचवू नये.

प्रत्येक बैठकीची नोंद एका वहीत ठेवावी: तारीख, ग्राहकाचे नाव व संपर्क, कलाकार, कार्ट्रिजचा लॉट, प्रत्येक शाईचा लॉट, पाण्याच्या कुपीचा लॉट. या वहीचा उपयोग एरवी दिसत नाही. तीन आठवड्यांनी एखाद्या ग्राहकाचा फोन येतो की छाया भरलेल्या भागातच बारीक उंचवटे आले आहेत, तेव्हा तिच्यावरूनच कळते की ती राखाडी शाई आणखी कोणाकोणाला लावली. अशा वेळी ग्राहकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवून त्वचेच्या तुकड्याची जिवाणू-तपासणी, क्षयजंतूंच्या कुळासह, करून घ्यायला सांगावे. त्या लॉटचा वापर तात्काळ थांबवावा. बाकीच्या ग्राहकांना स्वतःहून फोन करावा. आणि ती बाटली भीतीपोटी फेकून न देता, झाकण घट्ट लावून, पिशवीत बंद करून, तारीख घालून बाजूला ठेवावी, म्हणजे प्रयोगशाळेला तपासायला काहीतरी उरेल.